पियानो चढला होता

१० सप्टेंबर १९९६, मंगळवार

हवा दमट, वारा नाही. सकाळी नऊलाच शर्ट पाठीला चिकटला होता.

या वहीत मी पियानोंची नोंद ठेवतो. कुठला पियानो, सुरात किती चढला, किती उतरला, त्या दिवशी हवा कशी होती. मुंबईत ज्यांच्या हाताखाली मी पियानो लावायला शिकलो ते बारेटोसाहेब म्हणायचे, "महमूद, रोज लिहून ठेव, नाहीतर दोन महिन्यांनी स्वतःलाच थापा मारशील." बहारीनला येऊन नऊ वर्षं झाली, ही सातवी वही. आज पियानोपेक्षा जास्त लिहितोय, कारण आज माझ्याकडून एक चूक झाली आणि ती कोणाला सांगण्यासारखी नाही.

दुकानाच्या नजीबशेठनी जुफेर भागात पाठवलं होतं. आमच्या दुकानाचा एक उभा पियानो तिथे एका अमेरिकन बाईंनी भाड्यानं घेतलाय. नवरा त्यांच्या नेव्हीत मेकॅनिक, महिना महिना बोटीवर. बेल वाजवली. दार उघडलं ते एका उंच, काळ्याकुळकुळीत बाईनं. डोक्याला रुमाल, हातात फडकं. हबशीण, मोलकरीण असेल, असंच मनात आलं. मी म्हटलं, "मॅडम आहेत का घरात? पियानोवाला आलाय म्हणून सांग."

ती म्हणाली, "मॅडम मीच. या, आत या."

माझे कान गरम झाले. सॉरी म्हणायला गेलो तर म्हणाल्या, "असू दे. खालचा वॉचमन अजून मला मागच्या जिन्यानं पाठवतो." आणि हसल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते हसणं फार सरावाचं होतं.

नाव मिसेस व्हर्नेल प्रुइट. ऑपेरा गातात. वरच्या पट्टीतला आवाज, सोप्रानो.

मी पियानोचं झाकण काढलं. सुराचा फोर्क पिशवीतून काढायच्या आत त्या स्वयंपाकघरातून सहज एक सूर गुणगुणल्या. मी फोर्क गुडघ्यावर मारून कानाशी धरला. तोच सूर. मला वाटलं योगायोग. दीड तास काम केलं, मध्ये त्या दोनदा फोनवर बोलल्या, भांडी घासली. मग मी म्हटलं, "मॅडम, तो सूर परत एकदा द्याल?" दिला. तोच, केसाचा फरक नाही. कुठलंही वाद्य न ऐकता. असा कान मी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिलाय, बारेटोसाहेबांचा.

काम झाल्यावर पियानो कसा लागलाय ते बघायला त्या गायल्या. बहुतेक बायकांचा वरचा सूर जास्त पिळलेल्या तारेसारखा होतो, आता तुटेल असं वाटत राहतं. यांचा आवाज वर गेला की रुंद होतो. शब्द एकही कळला नाही. पण मी हत्यारं पिशवीत भरायचं विसरलो. एक पाना तिथेच राहिलाय.

१८ सप्टेंबर, बुधवार

हवा तशीच.

पाना आणायला जुफेरला गेलो. पेडल करकरत होतं तेही केलं. प्रुइट मॅडमनी टेबलाशी बसवून चहा दिला. या देशात कोणा ग्राहकाच्या टेबलाशी मी पहिल्यांदाच बसलो.

म्हणाल्या, जर्मनीतल्या एका गावच्या थिएटरात त्या नऊ वर्षं पगारी गायिका होत्या. मी विचारलं, "मोठी कामं मिळायची?"

"गुलाम मुलगी. जिप्सी. चेटकीण. परत गुलाम मुलगी. एकदा सरदाराच्या बायकोचं काम दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, आवाज अप्रतिम आहे, फक्त डोळे मिटून ऐकावा लागतो."

हे सांगताना त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, "डोळे मिटून ऐकणं चांगलंच की मॅडम. आमच्याकडे जाणकार माणूस गाणं डोळे मिटूनच ऐकतो."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा घ्या." माझं इंग्रजी त्यांना कळलं नसावं.

निघताना मी विचारलं, एवढं असून गाणं सोडलं कसं नाही? त्या म्हणाल्या, "रंगाबद्दल बोलले, ओठांबद्दल बोलले, चालण्याबद्दल बोलले. पण माझा सूर खोटा आहे असं आजवर एकालाही म्हणता आलं नाही. तेवढं माझं स्वतःचं आहे."

इथल्या गोऱ्या लोकांची म्युझिक सोसायटी नोव्हेंबरात हूरा भागातल्या मोठ्या हॉटेलात एक इटालियन ऑपेरा करतेय. व्हेनिसच्या सरदाराच्या मुलीची गोष्ट. मुख्य कामासाठी १४ ऑक्टोबरला निवड आहे. प्रुइट मॅडम जाणार आहेत. त्या हॉटेलचे पियानो माझ्याकडेच आहेत म्हटल्यावर खूश झाल्या. म्हणाल्या, "मग मला काळजी नाही."

२६ सप्टेंबर, गुरुवार

बूथवरून घरी फोन केला. मुलीला, अदीबाला, बघायला खेडचे लोक आले होते, त्यांचा निरोप आलाय. मुलगी गुणाची, बी.ए. झालेली, पण रंगानं डावी. हे तिसरं स्थळ.

बायको आमिना म्हणाली, "तुमच्यावर गेलीय ती, त्याला मी काय करू?"

"पोरगी काय म्हणते?"

"काय म्हणणार? जेवत नाय दोन दिवस."

मनामाच्या बाजारातून गोरं करायच्या क्रीमच्या सहा ट्यूब घेतल्या. आपल्याकडे मिळतं ते पातळ असतं. आमच्या नाटे गावचा गनी चौदा तारखेला सुट्टीवर चाललाय, त्याच्याबरोबर देईन. एवढी शिकलेली मुलगी, लोक नुसतं तोंड बघून परत जातात. वाईट वाटतं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

हॉटेलच्या बॉलरूममधला ग्रँड पियानो लावला. पाच तास. उत्तम लागलाय. सर्टिफिकेट लिहून दिलं.

बॉलरूमचा सुपरवायझर दत्तप्रसाद, परळचा. त्यानं जाता जाता सांगितलं, "उद्यापासून कार्पेट बदलणार. हॉलचा एसी तेरा तारखेपर्यंत बंद."

मी म्हटलं, "अरे, या दमट हवेत एसी बंद ठेवलास तर लाकूड फुगेल. पियानो चढेल."

"वर सांगतो. पण कार्पेटवाले ऐकणार नाहीत."

मग ठरवलं, चौदा तारखेला निवड अकराला आहे, तर आपण सकाळी आठला यायचं आणि जे चढलं असेल ते उतरवायचं. तीन तास पुरतील.

९ ऑक्टोबर, बुधवार

हॉटेलच्या लॉबीतल्या पियानोचं काम होतं. पियानोखाली कोणी आडवं पडून काम करत असतं हे लोकांच्या लक्षात राहत नाही. शेजारच्या सोफ्यावर सोसायटीच्या अध्यक्षीण हॅलोरन मॅडम आणि त्यांचे कंडक्टर मिस्टर ड्यूहर्स्ट येऊन बसले. ड्यूहर्स्टसाहेब इथल्या इंग्रजी शाळेत संगीत शिकवतात. त्यांनी प्रुइट मॅडमचा आवाज घरी जाऊन ऐकलेला दिसतो.

ते म्हणाले, "मार्गारेट, असा आवाज या बेटावर परत येणार नाही."

"मला कान आहेत, जेफ्री. पण लोकांना डोळेही असतात. व्हेनिसच्या सरदाराची मुलगी आहे ती. प्रेक्षक हसले तर? त्या बिचारीचा अपमान झालेला मला बघवणार नाही."

ड्यूहर्स्टसाहेब घड्याळ बघायला लागले. टेबलावर जाहिरातीचा छापील नमुना पडला होता. त्यावर पेनरोज मॅडमचा फोटो. एका बँकेच्या मॅनेजरची बायको, त्याही गातात. नमुन्यासाठी कोणाचा तरी फोटो लावावाच लागतो. निवड तर सोमवारी आहे.

हॅलोरन मॅडमला प्रुइट मॅडमची एवढी काळजी आहे हे बघून बरं वाटलं. मोठ्या घरच्या बायकांना हे कळतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी सातला गनीचा फोन. "महमूदभाई, तुमचं ट्यूबचं पाकीट राहिलं. मी एअरपोर्टवर हाय, यल्ला, लवकर घेऊन या." विमान दहाचं. ट्यूब आज गेल्या नसत्या तर परत दोन महिने कोणी जाणारं नाही, आणि पुढच्या महिन्यात रत्नागिरीचे लोक अदीबाला बघायला येणार आहेत. टॅक्सी मिळायलाच तास गेला, मग मुहर्रकला एअरपोर्टवर गेलो. गनी सापडेपर्यंत पाऊण तास, मग परत येताना कॉजवेवर गाड्यांची रांग. हॉटेलात पोचलो तेव्हा पावणेअकरा. हॉल भरलेला. पियानोला हात लावायला मिळाला नाही.

मनाला म्हटलं, दोन आठवड्यांपूर्वीच तर लावलाय.

आधी पेनरोज मॅडम. पियानोवाल्या बाईनं सुरुवातीचे सूर दिले, त्यांना धरून गायल्या. नीटनेटकं. वरती आवाज बारीक होतो.

मग प्रुइट मॅडम. निळा झगा. त्यांनी निवडलेला भाग असा की सरदाराची मुलगी आधी एकटीच गाते, दीड मिनिट नुसता आवाज, वाद्य काही नाही. मग पियानो येऊन मिळतो. पियानोवाली सूर द्यायला लागली तर त्यांनी हातानं नको म्हटलं. आणि सुरू केलं.

हॉलमध्ये कप वाजत होते ते थांबले. एक वेटर ट्रे घेऊन मध्येच उभा राहिला. मी खांबाला टेकून डोळे मिटले. बारेटोसाहेब असते तर रडले असते.

दीड मिनिटानं पियानो आला आणि मी डोळे उघडले.

पियानो वर, त्या खाली. खूप नाही, पण साध्या माणसालाही टोचेल इतकं. त्यांनी क्षणभर पियानोकडे पाहिलं आणि दोन सुरांत आवाज उचलून त्याला मिळवला, शेवटपर्यंत नेलं. पण जे व्हायचं ते झालं होतं. पुढच्या रांगेत कोणीतरी "ओ डिअर" म्हटलं. हॅलोरन मॅडमनी कागदावर काही लिहिलं.

गाणं झाल्यावर प्रुइट मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमचा पियानो चढलाय."

हॅलोरन मॅडम म्हणाल्या, "याच महिन्यात लावलाय. सर्टिफिकेट आहे आमच्याकडे."

प्रुइट मॅडमनी हॉलभर नजर फिरवली. मला शोधत असाव्यात. मी खांबामागे होतो. तिथेच राहिलो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी बॉलरूम रिकामी होती. फोर्क लावून पाहिला. फोर्क चारशे चाळीस कंपनांचा, पियानो मधल्या पट्टीत चारशे पंचेचाळीसच्या आसपास. दत्तप्रसाद म्हणाला, एसी काल पहाटे सहाला सुरू केला, त्याआधी बारा दिवस बंद.

म्हणजे प्रुइट मॅडम तंतोतंत बरोबर होत्या.

चार तास बसून सगळा पियानो खाली आणला. आता कोणीही तपासला तरी बरोबर निघेल. चुकीचा लागलेला पियानो तसाच टाकून जाणं माझ्यानं होत नाही, सवय आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नजीबशेठनी दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलं. शेठ आमच्याच रत्नागिरीकडचे, मला इथे त्यांनीच आणलं.

"सोसायटीचं पत्र आलंय. ती काळी बाई बोंब मारते की पियानो चढला होता. चौदा तारखेला पियानो बरोबर होता असं तुझ्याकडून लिहून पायजे."

"शेठ, चढला होता."

"किती?"

"ऐकू येईल इतका."

शेठनी खोलीचं दार लावलं. मग म्हणाले, "कोणाला बोललास?"

"कोणाला नाय."

"मग नव्हता चढलेला."

मी म्हटलं, त्या बाईंचं नाव खराब होईल. शेठ म्हणाले, "आणि आपलं? हॉटेलचे चार पियानो, शाळेचे दोन. उद्या म्हणतील नजीबच्या माणसाचं काम कच्चं. तुझा व्हिसा नोव्हेंबरात संपतोय. व्हिसा देणाऱ्या अरबाबला जाऊन काय सांगू, कान गेलेला ट्यूनर ठेवा म्हणून? त्या बाईचं काय जातंय? नवऱ्याला नोकरी हाय, दोन वर्षांत दुसऱ्या देशात जाईल. तू कुठं जाशील?"

मी उभा होतो.

"आणि एक सांग. सकाळी बघायला जाणार होतास ना? गेलास?"

मी दाराकडे बघितलं.

"खलास," शेठ म्हणाले.

२० ऑक्टोबर, रविवार

सही केली. पत्र शेठनी टाइप करून आणलं होतं, चार ओळी. त्यात प्रुइट मॅडमचं नाव कुठेच नाही, नीट वाचून पाहिलं. फक्त पियानोबद्दल आहे. मी कोणाविरुद्ध काही लिहिलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

प्रुइट मॅडम दुकानात आल्या. बाजारातून चालत आल्या होत्या, चेहरा घामानं ओला. हातात त्या पत्राची झेरॉक्स.

"मिस्टर महमूद, हे हॅलोरनबाईनं लिहिलं असतं तर मी फाडून टाकलं असतं. पण सही तुमची आहे."

शेठ काउंटरमागे कागद बघत बसले होते. पान उलटत नव्हते.

"त्या दिवशी पियानो कसा होता? मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे. या गावात तेवढ्यावरच आहे."

मी म्हटलं, "बरोबर होता, मॅडम."

त्यांनी मान हलवली. काउंटरवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या शिक्षिकेचा कान पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. तिला कळलंच नाही, दुसऱ्यांना कळलं. मी बेचाळीस आहे. मला वाटलं होतं अजून वेळ आहे."

आणि थँक यू म्हणून गेल्या. मला थँक यू.

त्या भांडल्या असत्या, एक शब्द जोरानं बोलल्या असत्या, तर मी सांगून टाकलं असतं. असं वाटतं खरं.

२ नोव्हेंबर, शनिवार

व्हिसा दोन वर्षांसाठी वाढला.

हॉटेलवर तालमीसाठी पियानो लावायला गेलो. हवा आता कोरडी होत चाललीय. ड्यूहर्स्टसाहेब एकटेच होते. मी काम करत असताना खिडकीशी उभे राहिले. म्हणाले, "या खेपेला नीट लक्ष ठेवा. मागच्या वेळेसारखा चढू देऊ नका."

मी हातातला पाना खाली ठेवला. ते बाहेर समुद्राकडे बघत होते.

"येस सर," म्हटलं.

म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. कळणारच. मग माझं पत्र कशासाठी हवं होतं? पत्र नसतं तर काहीतरी दुसरं शोधलं असतं का? तसं असेल तर माझ्या सहीनं काही बिघडलं नाही. घरी येईपर्यंत हाच विचार करत होतो. चांगला वाटला, पण टिकला नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दत्तप्रसाद सांगत होता, अमेरिकन लोकांच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमातही प्रुइट मॅडम गाणार होत्या, ते रद्द झालं. ती झेरॉक्स तिथेही पोचलीय. एकीनं दुसरीला सांगायचं, आवाज मोठा आहे पण सुराचा भरवसा नाही. वाईट वाटलं असं म्हणायचं आणि सांगायचं. दत्तप्रसादनं कॉफी देता देता तीन टेबलांवर हेच ऐकलं.

तो म्हणाला, "काय महमूदभाई, खरंच बेसूर गायली का ती? मला तर त्या दिवशी अंगावर काटा आला होता."

मी म्हटलं, "मला काम आहे."

आमिनाचा फोन. रत्नागिरीचे लोक येऊन गेले. त्यांनीही नाही म्हटलं. अदीबानं ट्यूब वापरल्या, तोंडावर पुरळ आलंय. दुसऱ्या कंपनीचं क्रीम बघायला हवं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपेरा झाला. मी पडद्यामागे होतो, मध्यंतरात पियानो बघायला. पेनरोज मॅडमना एकट्यानं गायचा तो भाग जमत नव्हता, म्हणून दीड मिनिट पियानोनं हळूच साथ दिली. कोणाला खटकलं नाही. टाळ्या भरपूर. हॅलोरन मॅडमनी सगळ्यांबरोबर मलाही एक गुलाब दिला आणि म्हणाल्या, "पियानो सुंदर वाजला."

गुलाब टॅक्सीत ठेवून आलो.

१० डिसेंबर, मंगळवार

प्रुइट मॅडमनी भाड्याचा पियानो परत न्यायला सांगितलं. शेठ म्हणाले, दुसरा कोणी जाईल. मी म्हटलं, मीच जातो. दोन पठाण हमाल आणि पिकअप घेऊन जुफेरला गेलो.

त्यांनी दार उघडलं, हसून आत घेतलं. हमालांना पाणी दिलं. नवरा बोटीवर होता. पियानोचं झाकण बंद, त्यावर इस्त्रीचे कपडे रचलेले. त्यांनी ते एकेक उचलून खुर्चीवर ठेवले. मी झाकण उघडून मधला सूर वाजवला. नुसता सवयीनं. त्या लगेच म्हणाल्या, "नको. बंद करा."

मी विचारलं, "मॅडम, गात नाही का?"

"घरातसुद्धा नाही. एक सूर लावते आणि वाटतं, हा बरोबर आहे का? कोणाला विचारू? आधी हा प्रश्न कधी पडला नव्हता, मिस्टर महमूद. तो पडला की गाता येत नाही."

हमालांनी पट्टे बांधले, पियानो जिन्याकडे नेला. मी मागे राहिलो. जे दोन महिने बोलायचं होतं ते बोललो. "मॅडम, त्या दिवशी पियानो चढला होता. एसी बंद होता, लाकूड फुगलं होतं. मी दुसऱ्या दिवशी फोर्क लावून पाहिलं. तुम्ही बरोबर होता. पियानो चूक होता."

त्या पुढे आल्या. एवढ्या जवळून त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळायला लागलं होतं, मी पाहिलं.

"हे तुम्ही सोसायटीला सांगाल?"

मी तोंड उघडलं. शेठ दिसले, अरबाब दिसला, पासपोर्टवरचा नवा शिक्का दिसला. अदीबा दिसली. हो म्हणायला किती वेळ लागतो? मला तेवढंही जमलं नाही. मी खाली बघितलं.

वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा परत पहिल्यासारखा झाला होता. रागावल्या नव्हत्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझी आई आजारी होती तेव्हा मी तिला रोज सांगायचे, आज बरी दिसतेस. तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तुम्ही फार भले आहात."

"नाही मॅडम, मी तुमचं मन राखायला नाही म्हणत. खरंच."

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार भले आहात, मिस्टर महमूद. पियानो जपून न्या, जिन्याला वळण आहे."

मी जिन्यात गेलो आणि तिथून मागे वळून परत एकदा सांगितलं, या वेळी मोठ्यानं, पियानो चढला होता म्हणून. जिन्यात त्या पठाणांशिवाय कोणी नव्हतं आणि त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. प्रुइट मॅडमनी दारातून हात हलवला, लहान मुलाला हलवतात तसा, आणि दार लावून घेतलं.